चाक फिरताना दिसलं पाहिजे

बुद्ध सर्किटच्या लांब सरळ पट्ट्यावर फॉर्म्युला वनची गाडी ताशी ३०० किलोमीटर ओलांडायची, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. शटर १/२००० वर ठेवलं तर गाडी लख्ख टिपली जाते, पण चाकंही गोठतात आणि ती पार्किंगमध्ये उभी वाटते. असा फोटो मला मुळीच आवडत नाही.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मी शटर १/१२५ पर्यंत खाली आणतो, फोकस सतत पाठलाग करणारा ठेवतो. पाय रोवायचे, कोपरं बरगड्यांना टेकवायची, गाडी लांब असतानाच कंबरेतून वळायला लागायचं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. हेल्मेट रेखीव येतं, मागचं कुंपण रेघारेघांचं होतं. वळणाच्या आतल्या बाजूला जागा मिळाली तर उत्तमच: तिथून गाडीचं अंतर फारसं बदलत नाही. बहुतेक फोटो पुसावेच लागतात. डिजिटलमध्ये त्याचा खर्च नाही, म्हणून हात आखडू नका.