समासातला लेखक

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी पहिलं अमेरिकन कॉमिक उपसून काढलं तेव्हा त्याला मुखपृष्ठच नव्हतं. न खपलेल्या अंकाचं मुखपृष्ठ फाडून परत पाठवलं की तिथल्या विक्रेत्याला पैसे परत मिळत आणि उरलेला अंक लगद्यात जाई, निदान जायला हवा असे. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की चांदीचा मुलामा दिल्यासारखा एक माणूस पायाखाली फळी घेऊन ताऱ्यांमधून घसरत पृथ्वीकडे येतो आहे. माझं इंग्रजी बेताचं होतं. संवादांच्या फुग्यांतली वाक्यं सोडून देऊन नुसती चित्रं पाहत गेलो आणि गोष्ट समजली. काही वर्षांनी तोच अंक फुग्यांसकट वाचला आणि चक्रावलो. चित्रातला माणूस थंड, परका, माणसांविषयी काहीच न जाणणारा होता. फुग्यातला माणूस कीर्तनाला उभा राहिल्यासारखा बोलत होता. दोघं एकाच शरीरात नांदत होते, पण त्यांचं जमत नव्हतं.

आमची कॉमिक्सची शाळा वेगळी होती. टाइम्स समूहाने १९६४ साली मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ली फॉकचा फँटम पुढे मराठीत वेताळ होऊन घरोघरी आला. हा वेताळ मुळात वर्तमानपत्रातला. १९३६ पासून रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी छापून यायची. कालचं विसरलेल्या वाचकाला आठवण करून द्यायची, आज जरा पुढे सरकायचं, उद्यासाठी काहीतरी लटकतं ठेवायचं. त्या पट्ट्या कापून-जोडून इंद्रजालची पानं तयार होत. त्यामुळे पान ही स्वतंत्र रचना असते, चौकटी लहान-मोठ्या करून वाचकाचा श्वास रोखता किंवा सोडता येतो, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. वेताळाच्या चौकटी चाळीतल्या खोल्यांसारख्या एका ओळीत उभ्या.

पानाची ही विद्या ज्यांनी कळसाला नेली त्यांच्यातला मोठा माणूस जॅक किर्बी. आणि त्या चंदेरी माणसाचं शरीर व त्याची वाणी यांच्यात फट का पडली, याचं उत्तर आहे तो ज्या कंपनीसाठी काढी तिच्या कामाच्या पद्धतीत.

१९५७ साली मार्टिन गुडमनची ही कॉमिक्स कंपनी, म्हणजे पुढची मार्व्हल, जवळजवळ बुडाली होती. तिचा वितरक कोसळला. नवा मिळाला तो प्रतिस्पर्धी डीसीच्या मालकांचा, आणि त्याने महिन्याला मोजकीच मासिकं उचलण्याची अट घातली. कचेरीत संपादक म्हणून, लेखक म्हणून, बहुतेक सगळं म्हणून उरला स्टॅन ली, गुडमनच्या नात्यातला. चित्रकार घरी बसून काम करणारे, पानामागे पैसे घेणारे. संहिता हातात नाही म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे पैसे नाहीत. ली एका मासिकाची संहिता लिहीत असताना दुसऱ्या मासिकाचा चित्रकार हात चोळत बसलेला. यावर तोडगा निघाला तो असा: ली कथानक थोडक्यात सांगणार, कधी टाइप केलेल्या कागदावर, कधी फोनवर, पुढे पुढे तर बोलता बोलता. चित्रकार घरी जाऊन वीसेक पानं पेन्सिलने काढणार. कुठला प्रसंग किती चौकटींचा, कोण कुठे उभा, मारामारी कधी संपते, कोण काय ठरवतो, हे सगळं तोच पाहणार. मग ली त्या चित्रांवर संवाद लिहिणार, अक्षरं काढणारा ती फुग्यांत बसवणार आणि शाईवाला रेषा पक्क्या करणार. ‘मार्व्हल पद्धत’ म्हणून हीच पुढे प्रसिद्ध झाली. १९६१च्या नोव्हेंबरची तारीख असलेला, दहा सेंटांचा ‘फँटास्टिक फोर’चा पहिला अंक आणि त्यामागून आलेले अंक तिच्यातूनच निघाले.

आपल्या दिवाळी अंकात कथा आधी येते. संपादक ती चित्रकाराकडे पाठवतो आणि चित्रकार तिच्यातला एखादा क्षण उचलतो. तिथे सगळं उलटं. पिंगुळीच्या ठाकरांना कदाचित त्यात नवल वाटलं नसतं: चित्रकथीही चित्र समोर धरतो आणि मग त्यावर गातो. पण चित्रकथीची गोष्ट रामायण-महाभारतातली, सगळ्यांना पाठ. मार्व्हलमध्ये चित्र पुरं होईपर्यंत गोष्ट अस्तित्वातच नसे. मग ते चित्र काढणाऱ्याला नुसता चित्रकार म्हणायचं का?

किर्बीचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये. आईबाप ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, बाप कपड्यांच्या कारखान्यात. पोरांच्या टोळ्यांमधली मारामारी हा त्या गल्ल्यांतला रोजचा खेळ. तरुणपणी त्याने फ्लायशर स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांसाठी मधली मधली चित्रं भरण्याचं काम केलं आणि सोडलं. एका ओळीत टेबलं मांडून बसलेली माणसं पाहून त्याला बापाचा कारखाना आठवे. पुढे जो सायमनबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका निर्माण केला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे. अंकावर तारीख मार्च १९४१, पण तो विक्रीला आला १९४०च्या डिसेंबरात, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी. नंतर तो स्वतःच युद्धावर गेला. १९४४च्या ऑगस्टमध्ये तो नॉर्मंडीत उतरला. हा कॉमिक्सवाला आहे हे कळल्यावर अधिकाऱ्याने त्याला पुढे पाठवलं: शत्रूच्या भागात शिरायचं आणि काय दिसतं ते काढून आणायचं. त्या हिवाळ्यात पायांना हिमदंश झाला. पाय कापावे लागतात की काय अशी वेळ आली, पण ते वाचले.

हे चरित्र सांगायचं कारण त्याचा ठोसा. किर्बीच्या आधीचे नायक मारतात ते आडवे, बाजूने दिसणारे, नाटकातल्यासारखे. किर्बीचा माणूस वाचकाच्या अंगावर येतो. मूठ डोक्याहून मोठी, एक पाय चौकटीच्या या टोकाला, दुसरा त्या. शरीरशास्त्राच्या परीक्षेत तो नापास होईल. पण तो कुठून निघाला आणि कुठे आदळणार हे एका चित्रात कळतं, म्हणजे आधीचा आणि नंतरचा क्षणही त्याच चौकटीत आलेला असतो. आणि ऊर्जा दाखवायची झाली की ज्वाळा, किरण वगैरे नाहीत. काळ्या गोल ठिपक्यांचे घोस, उकळत्या डांबरासारखे. स्वस्त कागदावर चार रंगांत छापायच्या त्या काळात बारीक छटा गिचमीड होऊन जात. ठोक काळा रंग मात्र दगा देत नसे. चित्रकारांच्या बोलीत त्याला किर्बी क्रॅकल म्हणतात.

१९६६च्या मार्चच्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये, अंक ४८, गॅलॅक्टस येतो. ग्रह खाऊन जगणारा. ली आणि किर्बी यांचं बोलणं झालं होतं ते एवढ्याचंच. किर्बी पानं घेऊन आला तेव्हा त्यांत फळीवर उभा एक चंदेरी माणूस होता. हा कोण, असं लीने विचारलं. इतका मोठा कोणी येणार तर त्याच्या पुढे वर्दी देणारा नको का, असा किर्बीचा हिशोब होता. ही हकीकत लीनेच पुढे अनेकदा, मोकळ्या मनाने सांगितली आहे. संहिता आधी लिहिली असती तर हा चंदेरी माणूस, सिल्व्हर सर्फर, जन्मलाच नसता. तो चित्र काढता काढता सुचलेला आहे.

आता समासाकडे वळू. किर्बी छापील पानापेक्षा बऱ्याच मोठ्या कागदावर काढी. साठच्या दशकाच्या मध्यापासूनच्या त्याच्या मूळ पानांवर, चौकटींच्या बाहेर, पेन्सिलने खरडलेल्या ओळी आहेत: इथे हा असं म्हणतो, तिला संशय येतो, तो रागावलेला नाही, थकला आहे. लीला संवाद लिहिताना कळावं म्हणून. छपाईत त्या ओळी येत नसत, वाचकाला त्या कधी दिसल्या नाहीत. शाळेच्या वहीत समास सोडायचा तो मास्तरांच्या शेऱ्यासाठी. इथे समासात लेखक बसला होता आणि त्याच्या शब्दांवर शेरा मारण्याचा अधिकार आतल्याला होता. पुढे ही पानं अभ्यासकांच्या हाती आली आणि समासातल्या नोंदी व छापील फुगे शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग सुरू झाला. ‘फँटास्टिक फोर’चे १९६७चे अंक ६६ आणि ६७ घ्या. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक परिपूर्ण माणूस घडवतात. अभ्यासकांच्या मते किर्बीच्या मनातले शास्त्रज्ञ वाईट नव्हते. प्रश्न असा होता, की परिपूर्ण माणूस आपल्या सदोष निर्मात्यांकडे कसा पाहील? छापील अंकात ते जग जिंकू पाहणारे सरळसोट खलनायक झाले. चित्रं तीच, गोष्ट दुसरी.

सर्फरचं तर याहून वाईट झालं. १९६८ साली त्याचं स्वतंत्र मासिक निघालं. ते किर्बीकडे आलं नाही. लीने ते जॉन बुसेमाकडून काढून घेतलं. तिथे सर्फरला पूर्वायुष्य मिळालं: आपला ग्रह आणि आपली प्रेयसी वाचवण्यासाठी त्याने स्वतःला गॅलॅक्टसच्या हवाली केलं. बुसेमाची चित्रं देखणी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण जो कधी माणूस नव्हताच म्हणून माणसांकडे इतक्या नवलाने पाहत होता, तो आता घर सुटलेला दुःखी प्रियकर झाला. माझ्या फुटपाथवरच्या अंकातली फट इथे कायमची बुजवली गेली, फुग्याच्या बाजूने.

लीची बाजूही आहे. किर्बीने १९७० मध्ये मार्व्हल सोडून डीसीत ‘न्यू गॉड्स’ वगैरे मालिका एकहाती लिहिल्या आणि काढल्या. त्यांची चित्रं मी कितीही वेळा पाहीन, संवाद वाचताना मात्र घणाचे घाव मोजतोय असं वाटतं. लीकडे विनोद होता, बोलीभाषेचा कान होता. श्रेयनामावलीत अक्षरं काढणाऱ्याचंही नाव गमतीदार विशेषण लावून छापण्याची दिलदारी होती. त्याच नामावलीत ‘लेखक’ या शब्दापुढे स्वतःचं एकट्याचं नाव असे, हाच तर घोळ.

स्पायडर-मॅनचा चित्रकार स्टीव्ह डिट्को याने हा घोळ सहन केला नाही. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पंचविसाव्या अंकापासून कथानकाचं श्रेय त्याने नावानिशी घेतलं. तोवर त्याचं आणि लीचं बोलणं बंद पडलं होतं. पानं कचेरीतल्या तिसऱ्या माणसामार्फत जात. आणि याच अबोल्यात अंक ३३ झाला. स्पायडर-मॅन अवजड यंत्राखाली अडकला आहे, छतातून पाणी झिरपतंय, मे काकूचा जीव वाचवणारं औषध हाताच्या अंतराबाहेर पडलं आहे. डिट्को घाई करत नाही. तो प्रयत्न करतो, खचतो, पुन्हा प्रयत्न करतो. पानांमागून पानं एकच कृती, आणि अखेर एका पूर्ण पानाच्या चित्रात यंत्र उचललं जातं. तिथे फुगे पुसून टाका, काही बिघडत नाही. १९६६ मध्ये डिट्को मार्व्हलमधून निघून गेला.

किर्बीच्या नशिबी पुढे एक विचित्र प्रकरण आलं, ते आपल्याला जवळचं वाटेल. रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या १९६७च्या कादंबरीत परग्रहावर वसलेली काही माणसं यंत्रांच्या बळावर ब्रह्मा, यम, काली होऊन बसतात. तिच्यावर चित्रपट काढायचा आणि त्याच्या सेटचं पुढे कोलोरॅडोत उद्यान करायचं, असा बेत होता. किर्बीने त्याची भव्य रेखाटनं केली. बेत फसला. पण १९८०च्या जानेवारीत तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकन दूतावास कर्मचाऱ्यांना बाहेर काढायला सीआयएचा टोनी मेंडेझ गेला, तो खोट्या चित्रपटाचा माणूस बनून. त्याने वापरलेली संहिता याच कादंबरीची होती, नाव बदलून ‘आर्गो’ केलेली, आणि सोबत होती किर्बीची चित्रं. ही मोहीम १९९७ मध्ये उघड झाली. किर्बी १९९४ मध्येच गेला होता. आपल्या यमलोकाने सहा माणसांची सुटका केली हे त्याला कधी कळलंच नाही.

पैशांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना चिडायला होतं. धनादेशाच्या मागे छापलेला मजकूर असे. पैसे घ्यायला सही केली की हक्क गेले. ऐंशीच्या दशकात मार्व्हल चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत करू लागली. इतरांना एका पानाचा करार, किर्बीपुढे चार पानांचा. हजारो पानं काढलेल्या माणसाला आधी ८८ पानं देऊ केली. सहकाऱ्यांनी आवाज उठवला, आणि १९८७ मध्ये सुमारे एकोणीसशे परत आली. २००९ मध्ये किर्बीच्या वारसांनी हक्क परत मागितले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ते काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालं असं म्हणून निकाल विरुद्ध दिला. घराच्या तळघरात, स्वतःच्या पेन्सिलीने काढलेली ती पानं. सर्वोच्च न्यायालय प्रकरण ऐकायचं की नाही हे ठरवणार, त्याच्या काही दिवस आधी, २०१४च्या सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. तेव्हापासून किर्बीचं नाव लीच्या बरोबरीने छापलं जातं. २०२२च्या जानेवारीत ‘सीक्रेट वॉर्स’मधलं माइक झेकने काढलेलं स्पायडर-मॅनचं एक पान लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. एक पान.

२००८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे कुणीतरी नाव न सांगता २४ मूळ पानं सुपूर्द केली. ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक, ऑगस्ट १९६२: स्पायडर-मॅनचं पहिलं आगमन, अख्खं डिट्कोच्या हातचं. विकली असती तर देणारा कोट्यधीश झाला असता. या पानांवरही पेन्सिलच्या खुणा आहेत, पण हात इथे लीचा आहे. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन होणारा मुलगा, भरधाव मोटारीसमोरून उडी मारून भिंतीला चिकटतो, त्या प्रसंगापाशी त्याने डिट्कोला सुचवलं आहे: गाडी बंद टपाची कर, खिडकीतून हात बाहेर नकोत, बेफाम हाकताहेत असं वाटायला नको.