पाय जमिनीवर, विमान हवेत!

माझ्या टेबलाखालची ती काळी, दोन पावलांची वस्तू बघून आईने विचारलं, ''अरे, ही पायपेटी कुणासाठी आणलीस?''

आता काय सांगणार? म्हटलं, आई, ही रडर पेडल्स. कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायला लागतात. ती म्हणाली, ''बरं. केर काढताना उचलून ठेवत जा.''

हसा खुशाल! पण २००१ साली 'आयएल-टू स्टुर्मोविक' आला तेव्हापासून ज्यांच्या रात्री आकाशात गेल्या, त्यांना मी काय म्हणतोय ते बरोब्बर कळेल. जॉयस्टिक सगळेच घेतात. पाय मात्र टेबलाखाली बेकार बसलेले असतात.

पाय हवेत कशाला?

फंडा साधा आहे. डावीकडे वळायला तुम्ही स्टिक डावीकडे झुकवता. उजवा पंख वर उचलला जातो, पण त्याच पंखावर हवेची ओढही वाढते. मग विमानाचं नाक उलट उजवीकडेच रेंगाळतं. ते सरळ करायचं काम रडरचं, म्हणजे डाव्या पायाचं. डॅशबोर्डवर काचेच्या नळीत एक छोटा गोळा असतो. तो ज्या बाजूला घसरेल, त्या बाजूचा पाय दाबायचा. गोळा मध्ये, तर विमान सरळ. गोळा बाजूला, तर शत्रू नेमका निशाण्यात दिसतो आणि गोळ्या जातात शेजारून!

दुसऱ्या महायुद्धातली विमानं तर टेक-ऑफलाच परीक्षा घेतात. मस्टँग असो की मेसरश्मिट १०९, थ्रॉटल एकदम पुढे ढकला, की पंख्याच्या जोरामुळे नाक डावीकडे पळतं. उजवा पाय तयार नसेल तर धावपट्टी सोडून थेट गवतात. मी पहिल्या आठवड्यात भरपूर गवत कापलं.

जेट विमानांत हा त्रास कमी, पण संपत नाही. आपल्या हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये ज्याला निरोप दिला, ते मिग-२१ 'डीसीएस'मध्ये उडवून बघा. वेग कमी आणि नाक वर असताना ते स्टिकपेक्षा पायांचं जास्त ऐकतं.

कोणतं घ्यायचं?

पहिली पायरी फुकटात! बऱ्याच जॉयस्टिकची मूठ पिळता येते. तोच तुमचा रडर. लॉजिटेकच्या 'एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो'सारख्या स्टिकवर अनेकांचं वर्षानुवर्षं भागतं. अडचण एकच. घाईत स्टिक ओढताना मनगट आपोआप पिळलं जातं आणि नको तेव्हा रडर लागतो.

पेडल्स घ्यायची ठरलीच, तर तीन गोष्टी बघा. एक, दोन पावलांमधलं अंतर. थ्रस्टमास्टरची 'टीएफआरपी' खिशाला परवडणारी, पण अरुंद. गुडघे जवळ घेऊन बसावं लागतं. लॉजिटेकची 'प्रो फ्लाइट' रुंद आहेत, आणि किती जड दाबायची ते चकतीने ठरवता येतं. दोन, आतला सेन्सर. साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये भाग एकमेकांवर घासतात. काही काळाने रडर आपोआप थरथरायला लागतो. लोहचुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणंच नाही. तीन, टो-ब्रेक, म्हणजे पंजाने दाबायचे ब्रेक. मस्टँगला ते हवेत. पण स्पिटफायर आणि मिग-२१ला ब्रेकची कळ स्टिकवरच असते, आणि कोणतं चाक थांबायचं ते रडर ठरवतो. तुम्ही हीच विमानं उडवणार असाल, तर टो-ब्रेक नसलेली व्हीकेबीची 'टी-रडर' पुरे. क्रोएशियातल्या 'एमएफजी क्रॉसविंड'चं नाव शौकीन लोक आदराने घेतात, पण तिथे बजेटलाही टेक-ऑफ करावा लागतो!

खुर्ची पळते त्याची गोष्ट

हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं. ऑफिसची चाकांची खुर्ची, गुळगुळीत फरशी आणि जोरात दाबलेला उजवा पाय... विमान जागेवर आणि पायलट मागच्या कपाटावर! मी आधी पेडल्सखाली रबरी पायपुसणं टाकलं. पेडल्स थांबली, खुर्ची पळतच राहिली. शेवटी सुताराकडून प्लायची एक लांब पाटी करून घेतली. पुढे पेडल्स स्क्रूने पक्की, मागे खुर्चीच्या चाकांसाठी खाचा. टाचा टेकलेल्या, गुडघे किंचित वाकलेले. सगळा त्रास गायब.

मग सेटिंग. विंडोजमध्ये कॅलिब्रेशन करून घ्या. डीसीएस प्रत्येक नव्या उपकरणाला स्वतःहून कामं वाटतं. त्यामुळे रडर पेडल्सवरही असतो आणि स्टिकच्या मुठीवरही. मुठीवरचा आधी काढून टाका. विमान जागचं हलत नसेल तर टो-ब्रेक उलटे लागलेत. 'इन्व्हर्ट' करा. मध्यभागी अगदी थोडा डेडझोन, आणि सुरुवातीला हलका कर्व्ह, म्हणजे छोटा दाब छोटाच राहतो. आणि हो, 'ऑटो रडर' आणि 'टेक-ऑफ असिस्ट' बंद! नाहीतर तुमच्या पायांचं श्रेय कॉम्प्युटर घेईल.

तो ठिपका

आता खरं सांगतो. ही पेडल्स मी गेमसाठी घेतली नव्हती.

२००९ मध्ये मी म्हैसूरला हवाई दलाच्या निवडीला गेलो होतो. तिथे पायलट व्हायच्या चाचणीत एक मशीन असायचं. पडद्यावर ठिपका, हातात स्टिक, पायाखाली पेडल्स. ठिपका मध्ये ठेवायचा. मधेच दिवे लागतात, आवाज येतो, तेही बंद करायचे. माझे हात ठीक चालले. पाय मात्र गोठले. डावा की उजवा, हा विचार करेपर्यंत ठिपका निघून जायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. घरी मी 'मेडिकलमध्ये गेलो' असं सांगितलं. आजपर्यंत.

गेल्या महिन्यात भाचा राहायला आला. सतरा वर्षांचा, एनडीएचा फॉर्म भरलेला, फ्लाइंगच हवंय. मी त्याला डीसीएसमधल्या फुकट मस्टँगवर बसवला. तीनदा गवतात गेला. चौथ्यांदा म्हणाला, ''मामा, पाय ऐकतच नाहीत रे!''

मग मी त्याला म्हैसूरची खरी गोष्ट सांगितली. आता ती चाचणी कॉम्प्युटरवर होते, नावही बदललंय, पण नियम तोच, संधी एकदाच. घरच्या पेडल्सवर सराव केला म्हणून कुणी पास होत नाही, हेही सांगितलं. फक्त पाय गोठतात म्हणजे काय होतं, ते आधी इथे कळलेलं बरं. इथे गवतात गेलं तरी रीस्टार्ट आहे.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''आजीला सांगू?''

म्हटलं, मीच सांगतो.

रात्री जेवताना सांगितलं. आईने ताटात भात वाढला आणि म्हणाली, ''मला तेव्हाच कळलं होतं. मेडिकलमध्ये गेलेला मुलगा महिनाभर पाय हलवत झोपत नाही.''

पायपेटी आता टेबलाखालीच असते. केर तिच्या भोवतीने काढला जातो.