केबिनमधला गारवा टिकतो कशावर?

नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती मार्गावरची वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांचं गाव. गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि दिवसभर उडणारी धूळ. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत इंजिनाच्या धगीशेजारी बसून शेकडो किलोमीटर ट्रक हाकणं काय असतं, ते वाडीतल्या ड्रायव्हरांना सांगावं लागत नाही. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, हे फार चांगलं झालं. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाचा हा निर्णय. पण एसी बसवला म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

एसीचं काम एवढंच: केबिनमधली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. बहुतेक गाड्यांत त्यासाठी आर-१३४ए हा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाखाली उकळताना तो केबिनची उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. बाहेर ४५ अंश असतील, तर वायू त्याहून गरम असल्याशिवाय उष्णता बाहेर जाणारच नाही. ६० अंशांना त्याचा द्रव व्हायला सुमारे १७ बार दाब लागतो. हा द्रव होतो रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये. तिथून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो पुन्हा कॉइलकडे जातो.

वाडीची धूळ नेमकी कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांत अडकते. हवा खेळत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि डिझेलही जास्त जळतं. केबिन फिल्टर तुंबला की वारा मंदावतो. पाण्याची निचरा-नळी बंद झाली की ओल्या कॉइलवर बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो.

सगळ्यात मोठा गैरसमज गॅसबद्दलचा. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला, तर कुठून तरी झिरपलेला असतो. त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून सांध्यावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, की गळती तिथेच शोधावी. गॅस घटला की तेल नीट परतत नाही आणि अखेर कॉम्प्रेसरच जाम होतो. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावीच लागते. ओल राहिली तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आतून गंज चढतो. शिवाय हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो. कारमधला अर्धा किलो गॅस हवेत सोडणं म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं.

ट्रकमालकांना कळकळीची विनंती आहे: टायर-ऑइलच्या यादीत एसीची सर्व्हिसिंगही लिहा आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्या. नुसता गॅस भरून देणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा. कायद्याने दिलेला गारवा ड्रायव्हरला मे महिन्यातही मिळावा, ही जबाबदारी आता तुमची आहे.