मगरिब ते इशा

मगरिबची नमाज झाली की घरोघरी दप्तरं उघडतात आणि आवाज चढतात. मूल उर्दू शाळेत असलं, की मराठीच्या वहीवरून जास्तच. उर्दू लिहायची उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. त्यात उर्दूतले आकडे मात्र डावीकडूनच! ४९ म्हणजे घरी ‘उनचास’, मराठीच्या तासाला ‘एकोणपन्नास’. पोर अडखळतं, अम्मी ‘ढ’ म्हणते, अब्बा मोबाइलमधून मान वर न काढता दुजोरा देतात. हे ढपण नव्हे. दोन लिप्या एकदम सांभाळणं मोठ्यांनाही जड जातं. आठवड्याच्या किराणाची यादी त्यालाच मराठीत लिहू द्या, दुकानात त्यालाच वाचू द्या. अक्षरं चिकटून ‘रवा’चा ‘खा’ होईल. होऊ द्या, दुकानदार समजून घेईल.