खडकाच्या पोटात हायड्रोजनचे कोठार

सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळते. परंतु ती गरजेच्या वेळीच मिळेल असे नाही. म्हणून जादा विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन तयार करावा व तो गरज पडेपर्यंत साठवावा, हा विचार जगभर मूळ धरीत आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठरविले. मात्र हा वायू अत्यंत विरळ आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली एक किलोग्रॅम हायड्रोजनला ११ ते १२ घनमीटर जागा लागते. साहजिकच मोठ्या साठ्यासाठी भूगर्भाकडे लक्ष वळते.

साठवणीच्या जागा

इंग्लंडमध्ये टीसाइड येथे १९७० नंतरच्या दशकात मिठाच्या थरांत कोरलेल्या पोकळ्यांत हायड्रोजन साठविण्यास प्रारंभ झाला. परंतु मिठाचे थर सर्वत्र नसतात. फ्रान्समध्ये पॅरिसजवळील बेन येथे १९५६ पासून काही वर्षे, जवळजवळ निम्मा हायड्रोजन असलेला कोळशाचा वायू जमिनीखालच्या पाणीधारक थरात साठविला गेला. अशा थरात मोठी पोकळी नसते; खडकाच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रे हेच कोठार होय. त्यांत आधीपासून असलेले पाणी बाजूला सारून वायू आत शिरतो.

भिजण्याचा गुण

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो. स्वच्छ काचेवर तो पसरतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांहून कमी असल्यास तो पृष्ठभाग पाण्याने भिजणारा समजला जातो. स्वच्छ वालुकाश्म या प्रकारात मोडतो.

हा गुण दुहेरी कार्य करतो. कोठारावरील आच्छादक खडकाची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. खडक भिजणारा असेल, तर केशाकर्षणामुळे तेथील पाणी घट्ट धरून राहते व वायूला वर निसटू देत नाही. हाच गुण कोठारात मात्र अडचण करतो. वायू काढू लागताच पाणी कणांच्या कडेने परत येते, वायूचा सलग प्रवाह तोडते आणि त्याचे बुडबुडे छिद्रांत अडकवून ठेवते. कार्बन डायऑक्साइड कायमचा गाडावयाचा असेल, तर असे अडकणे हिताचे. हायड्रोजन परत हवा असतो, म्हणून ते नुकसानीचे.

परीक्षेची आवश्यकता

खनिजांवर सेंद्रिय द्रव्यांचा थर चढला की भिजण्याचा गुण बदलू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचा नमुना तेथील दाब, तापमान व खारेपणा राखून तपासावा लागतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. त्यामुळे परदेशातील वालुकाश्माचे अनुभव येथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. किती वायू जमिनीत घातला यापेक्षा किती परत हाती आला, यावरच अशा योजनेचे यश ठरेल.