सागाच्या वलयांतील सेल्युलोज : समस्थानिक-मापनाची पूर्वतयारी

वाशीम जिल्ह्यातील कोरडवाहू शेती जून ते सप्टेंबर या काळातील पावसावर अवलंबून आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदींपूर्वीच्या अवर्षणांचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास तेथील शुष्क पानझडी वनांतील साग उपयोगी पडण्याजोगा आहे. तो उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, पावसाळ्यात वाढतो व सामान्यतः वर्षास एक वलय धारण करतो. ठाण्याच्या सागातील हायड्रोजन-समस्थानिकांवरील आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य व जी. बी. पंत यांचे संशोधन १९८९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

वलयातील लाकूड जसेच्या तसे मापनास घेणे इष्ट नसते. लिग्निनमधील कार्बन-१३ चे प्रमाण सेल्युलोजमधील प्रमाणाहून हजारी सुमारे ३ ने कमी असते. शिवाय रसकाष्ठाचे मध्यकाष्ठ होताना साठणारी तैलयुक्त द्रव्ये त्या वलयाच्या वर्षाची नसतात.

सागात आभासी वलयेही आढळतात. म्हणून अनेक वृक्षांची वलये परस्परांशी ताडून प्रथम कालनिश्चिती करावी लागते. त्यानंतर प्रत्येक वलय धारदार पात्याने विलग करून त्याच्या बारीक चकत्या करतात. टोल्युइन व अल्कोहोल यांच्या मिश्रणाने सॉक्सलेट उपकरणात तैलद्रव्ये काढून टाकतात. पुढे अ‍ॅसेटिक आम्लयुक्त सोडियम क्लोराइटच्या द्रावणात सुमारे ७०° सें. तापमानास लाकूड पांढरे होईपर्यंत ठेवले असता लिग्निन नष्ट होते. या क्रियेत विषारी क्लोरीन डाय-ऑक्साइड निघत असल्याने ती धूरपेटीतच करावी. शेवटी १७ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने हेमिसेल्युलोज विरघळवून, उरलेले आल्फा-सेल्युलोज ऊर्ध्वपातित पाण्याने उदासीन होईपर्यंत धुऊन वाळवितात.

हायड्रोजनच्या मापनासाठी आणखी एक पायरी आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक घटकातील १० हायड्रोजन-अणूंपैकी हायड्रॉक्सिल गटांतील ३ अणू भोवतालच्या पाण्याशी अदलाबदल करतात. ते वगळण्यासाठी सेल्युलोजचे नायट्रेट बनविण्याची पद्धत आहे.

या काटेकोरपणाचे कारण स्पष्ट आहे. अवर्षणात पर्णरंध्रे आकुंचन पावतात व वलयातील कार्बन-१३ चे प्रमाण वाढते. त्या वलयात लिग्निन शिल्लक राहिल्यास हे प्रमाण घटलेले दिसेल आणि दुष्काळाचे वर्ष सुकाळाचे भासेल. शुद्धीकरणातील अशी उणीव पुढे यंत्राच्या अचूकतेने भरून निघत नाही.