कळसूबाईवरूनही न दिसणारा सूर्य

अहिल्यानगर जिल्ह्याला सूर्याची ओळख करून देण्याची गरज नाही. येथील अवर्षणग्रस्त तालुक्यांना त्याचा ताप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तथापि सूर्याचे एक रूप असे आहे की, अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावरूनही ते दृष्टीस पडत नाही. सुमारे ३०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे अतिनील किरण त्याहून कितीतरी उंचावरील ओझोनचा थर शोषून घेतो. त्यामुळे जीवसृष्टीचे रक्षण होते. मात्र शास्त्रज्ञाची वाट अडते.

ही अडचण ओलांडण्यासाठी पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रो व अन्य संस्थांच्या सहकार्याने ‘सूट’ ही दुर्बीण घडविली. ‘आदित्य-एल१’ यानाबरोबर ती २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील नियोजित कक्षेत पोहोचली. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ११ निरनिराळ्या गाळण्यांतून ती संपूर्ण सूर्यबिंब टिपते.

या खटाटोपाचे प्रयोजन काय? चुलीपासून दूर सरावे तसतशी धग कमी होते. सूर्याचा न्याय उलटा आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर बाहेरच्या प्रभामंडलाचे दहा लाख अंशांहून अधिक! या दोहोंमधील वर्णगोलातून ऊर्जा वर कशी जाते, हे उमगण्यास अतिनील चित्रे साहाय्यभूत ठरतात. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेली प्रचंड सौरज्वाळाही ‘सूट’ने टिपली. अशा उद्रेकांमुळे उपग्रह, रेडिओसंदेश आणि वीजवाहिन्या यांना धोका पोहोचू शकतो; म्हणून हा अभ्यास केवळ पंडितांचा विषय राहत नाही.

‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापक-विद्यार्थ्यांना उच्च संशोधनाची दारे खुली व्हावीत, हाच डॉ. जयंत नारळीकरांनी घडविलेल्या या संस्थेचा हेतू. ‘आदित्य’ने गोळा केलेली माहिती इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये अभ्यासकांसाठी खुली केली. पुणे नगरपासून जेमतेम १२० किलोमीटर. आणि ही माहिती मिळविण्यास तेवढाही प्रवास नको. संगणक, थोडे गणित व मार्गदर्शन करणारा प्राध्यापक एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. यानाच्या उड्डाणाच्या दिवशी शाळाशाळांतून टाळ्या वाजल्या, हे योग्यच झाले. आता जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागांनी ही चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि त्यांच्याकडून मोजमापे करून घ्यावीत.